वंडरलातली रांग एकच असू द्या

श्री. अरुण चिट्टिलप्पिल्ली,
वंडरला हॉलिडेज, बिडदी, बेंगळुरू



वंडरला या मनोरंजन उद्यानाची ओढ कमी होत चालली आहे का, असा प्रश्न हल्ली बेंगळुरूत कानावर येतो. शेअर बाजारातली माणसे तो विचारतात तेव्हा त्यांच्यापुढे आकडे असतात. २०१४ साली १२५ रुपयांना विकलेला तुमचा शेअर २०२४ मध्ये हजाराच्या वर गेला आणि मग बराच उतरला. २०२३-२४ चा सुमारे १५८ कोटींचा नफा पुढच्या वर्षी ११० कोटींच्याही आत आला. मला त्या घसरणीची फारशी चिंता वाटत नाही. २०२४ मध्ये भुवनेश्वर आणि २०२५ च्या डिसेंबरात चेन्नई अशी दोन नवी उद्याने उघडणाऱ्या कंपनीचा नफा काही काळ दबणारच. पगार आणि घसारा पहिल्या दिवसापासून सुरू होतात, गर्दी जमायला वेळ लागतो.

मी लिहिते आहे ती दुसऱ्या प्रश्नासाठी. मे महिन्याची सुट्टी लागते, सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडचे पाहुणे बेंगळुरूच्या मराठी घरांत उतरतात आणि मुलांना घेऊन जायचे कुठे याची चर्चा सुरू होते. पूर्वी वंडरला गृहीतच धरलेले असे, फक्त वार ठरवायचा. आता आधी हिशेब मांडला जातो : सहा माणसांची तिकिटे, येण्याजाण्याची गाडी, आतले जेवण. तो मांडून झाला की बऱ्याच घरांत बन्नेरघट्ट्याचे प्राणिसंग्रहालय किंवा म्हैसूरचा राजवाडा ठरतो. मुलांना वंडरला आवडेनासे झाले म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. हा फरक तुमच्यापर्यंत पोहोचावा अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या वडिलांनी, कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी, १९७७ मध्ये व्ही-गार्ड सुरू केली ती व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायला. घरात नव्याने आलेला टीव्ही जळू नये म्हणून लोकांनी तो डबा विश्वासाने घेतला. त्याच विश्वासावर २००० साली कोचीजवळ वीगालँड हे पहिले उद्यान उभे राहिले आणि २००५ मध्ये म्हैसूर रस्त्यावर बिडदीच्या अलीकडे बेंगळुरूचे वंडरला. त्याआधी या शहरातल्या मुलांसाठी कब्बन पार्कातल्या बालभवनाची छोटी आगगाडी होती, जयमहालकडचे फन वर्ल्ड होते, वर्षातून दोनदा लालबागेतले पुष्पप्रदर्शन होते. साऱ्या कुटुंबाने सकाळी घरून निघावे आणि दिवेलागणीला दमून परतावे, असे ठिकाण नव्हते. ते तुम्ही दिले. ज्या माणसाने २०११ साली ओळखदेख नसलेल्या एका ट्रकचालकाला आपले मूत्रपिंड दिले, त्याच्या घराण्याची ही कंपनी आहे, ही गोष्टही लोकांच्या लक्षात आहे. म्हणून तुमच्याकडून अपेक्षा जास्त.

तुमच्या उद्यानाची खरी ओढ कशात होती? माझ्या मते ती रोलर कोस्टरच्या उंचीत कधीच नव्हती. ती होती एकाच तिकिटात. मुंबईच्या माणसाला हे लगेच कळेल. गोराईला एस्सेलवर्ल्डचे तिकीट वेगळे असे आणि वॉटर किंगडमचे वेगळे. खोपोलीच्या इमॅजिकामध्येही कोरडे उद्यान आणि पाण्याचे उद्यान यांचे पैसे निरनिराळे. तिथे दारातच कुटुंबाची फाळणी होते : थोरले इकडे, धाकटे तिकडे, आजी बाहेर सावलीत. वंडरलात एकदा आत शिरले की फिरणारे पाळणे, घसरगुंड्या, वेव्ह पूल, कोमट पाण्याच्या सरी घेत नाचायचा रेन डान्स, सारे त्याच एका तिकिटात बसलेले. कुणाला काय झेपेल ते ज्याने त्याने ठरवायचे, पाकिटाला विचारायचे नाही.

आणि यातून जे घडले त्याची नोंद कुठल्याही वार्षिक अहवालात नसेल. आमच्या कुटुंबातल्या एक काकू कृष्णाकाठच्या गावात वाढल्या. घाटावर धुणे धुतले, पण घोट्याच्या वर पाणी कधी येऊ दिले नाही, कारण बायकांनी चारचौघांत पाण्यात उतरायचे नसते हे त्यांना लहानपणीच शिकवलेले. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत हा वंडरलाचा नियम. साडी लॉकरमध्ये ठेवून नायलॉनची लांब बाह्यांची पँट-कुर्त्याची जोडी अंगात घालायची म्हणताच त्या बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. शेवटी नातीने ओढून नेले. वेव्ह पूलमध्ये लाट छातीला लागली तशा त्या ओरडल्या आणि मग थांबेचनात. संध्याकाळी भोंगा वाजेपर्यंत त्यांना बाहेर काढता आले नाही. त्या दिवशी त्या पाण्यात त्यांच्याच वयाच्या कितीतरी बायका होत्या : मंड्याच्या, धर्मपुरीच्या, हुबळीच्या. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. साठीच्या बाईला आपले शरीर पाण्यावर मोकळे सोडता येईल अशा सुरक्षित सार्वजनिक जागा आपल्या देशात किती आहेत? तुम्ही ती उभी केली, बहुधा तसे ठरवलेही नसताना.

वॉल्ट डिस्नेला डिस्नेलँड सुचले ते लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातल्या बाकावर, असे ते स्वतः सांगत. मुली चक्राकार घोड्यांवर बसलेल्या आणि बाप बाहेर बसून वाट पाहतोय. आईबापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी जागा हवी, या विचारातून १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले. सत्तर वर्षांनी आज त्याच डिस्नेबद्दल अमेरिकेत ओरड आहे की मध्यमवर्गाला तिथे जाणे जड झाले. १९९९ पासून तिथे रांग टाळायची फास्टपास सोय सर्वांना फुकट होती. २०२१ मध्ये ती बंद झाली आणि रांग टाळायला वेगळे पैसे आकारू लागले. डिस्नेकडे शंभर वर्षांच्या गोष्टी आहेत, पात्रे आहेत, चित्रपट आहेत. नाराज माणूसही तिथे परत जातो. तुमच्याकडे चिक्कू हा शुभंकर आहे आणि लोकांचा जिव्हाळा आहे. एवढ्या भांडवलावर डिस्नेच्या वाटेने जाणे धोक्याचे आहे.

फास्टट्रॅक तिकिटाबद्दल मी बोलते आहे हे तुमच्या लक्षात आले असेलच. जास्त पैसे भरा आणि वेगळ्या रांगेतून पुढे जा. धंद्याच्या दृष्टीने याचे समर्थन करता येते, ते मला कळते. गर्दीच्या दिवशी ज्याला वेळ कमी त्याच्याकडून जास्त घ्यावे आणि त्यातून नव्या राइडचा खर्च काढावा. पण आपल्याकडच्या जत्रेत पाळण्याखाली पाटलाचा मुलगा आणि गुराख्याचा मुलगा एकाच रांगेत उभे राहत. वर्षातला तो एक दिवस गावाच्या लक्षात राही तो त्यामुळेही. पाऊण तास उन्हात उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलासमोरून त्याच्याच वयाचा मुलगा हातातला पट्टा दाखवून पुढे निघून जातो, तेव्हा पहिला मुलगा आपल्या वडिलांकडे पाहतो. त्या वडिलांनीही महिनाभर जुळवून तुमचे तिकीट काढलेले असते. हे विमानतळावर चालून जाते, दवाखान्यातही आपण सोसतो. मुलांच्या खेळात ते नको.

आता आकड्यांकडे येते, कारण नुसत्या भावनेवर हे पत्र उभे राहू नये. २०१३-१४ च्या सुमारास कोची आणि बेंगळुरू या दोन उद्यानांत मिळून वर्षाला सुमारे २३ लाख माणसे येत आणि महसूल दीडशे कोटींच्या जरा वर होता. २०१६ मध्ये हैदराबाद सुरू झाले. २०२३-२४ मध्ये तिन्ही उद्यानांत मिळून सुमारे साडेबत्तीस लाख माणसे आली आणि महसूल ४८० कोटींच्या पुढे गेला. भागाकार सोपा आहे. दर उद्यानामागे माणसे साडेअकरा लाखांवरून अकरा लाखांच्या खाली आली, आणि दर माणसामागे मिळकत साडेसहाशेच्या आसपास होती ती पंधराशेच्या जवळ गेली. दहा वर्षांत महागाईने काय काय दुप्पट केले ते मी जाणते, आणि तुमच्यावर लादलेल्या कराचाही मला विसर पडलेला नाही. जून २०१५ मध्ये सेवाकर आला, जुलै २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी, जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के. मनोरंजन उद्यानाला चैनीच्या वस्तूसारखे वागवणे हा सरकारचा दोष आहे आणि त्याविरुद्ध तुम्ही बोलाल तेव्हा आम्ही तुमच्या बाजूने बोलू. पण महसुलाच्या आकड्यात हा कर धरलेला नसतो. तो वगळूनच पंधराशे. म्हणजे पाहुण्याच्या खिशातून त्याहून जास्त गेले.

त्याच दहा वर्षांत बेंगळुरूचे काय झाले? २०११ च्या जनगणनेत सुमारे ८५ लाखांचे हे शहर आता सव्वा कोटीच्या पुढे गेल्याचे अंदाज आहेत. शहर एवढे फुगले आणि उद्यानातली माणसे जवळपास तेवढीच राहिली. शेअर बाजाराला हे खुपत नाही, कारण डोईमागची मिळकत वाढते आहे. माझ्या मते ओढ कमी होते ती नेमकी अशी : कमी घरांकडून जास्त पैसे मिळू लागतात, ताळेबंद चांगला दिसतो, आणि एक पिढी तुमच्या दाराशी न येताच मोठी होते. मोठेपणी ती आपल्या मुलांना कशाला आणेल?

महाराष्ट्राने याचे दोन नमुने पाहिले आहेत. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले. त्याच्या जाहिरातीचे गाणे चाळिशीतल्या मुंबईकराला आजही तोंडपाठ आहे. उद्यान मात्र राहिले नाही. नुसती प्रसिद्धी कुणाला वाचवत नाही. इमॅजिका २०१३ मध्ये मोठ्या थाटात उघडले, कर्जात रुतले आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या हाती गेले. तुम्ही कर्जापासून सांभाळून चाललात, पुष्कळशा राइड्स कोचीतल्या स्वतःच्या कारखान्यात बनवल्या, हे मोठे शहाणपण होते. म्हणूनच तुमच्यापुढचा धोका पैशाचा नाही, असे मला वाटते. माणसे गमावण्याचा आहे.

वाटेचेही पाहा. ऑगस्ट २०२३ पासून बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. मोटार असलेले कुटुंब भरकन येते. स्कूटरवर पुढे एक मूल, मध्ये एक मूल घेऊन निघालेले जोडपे सेवारस्त्याने ट्रकांच्या मधून येते. मेट्रोची जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३ मध्ये चल्लघट्ट्यापर्यंत पोहोचली, तिथून तुमचे दार अजून काही मैल. हे अंतर मेट्रोच्या वेळांशी जोडलेल्या आणि तिकिटातच धरलेल्या बसने भरून काढणे तुम्हाला अवघड नाही. उद्यानातल्या रिसॉर्टनंतर तुम्ही ‘द आइल’सारखी महागडी मुक्कामाची सोय उभी केलीत, तिच्या खर्चापुढे या बसगाड्या काहीच नाहीत.

पाण्याबद्दलही बोलायला हवे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरू जलमंडळाने जलतरण तलावांत पिण्याचे पाणी वापरायला बंदी केली आणि पाच हजारांचा दंड ठेवला. त्या उन्हाळ्यात ज्या घरांनी टँकरच्या रांगेत घागरी मांडल्या, त्यांच्याच मुलांना वेव्ह पूलमध्ये न्यायचे तर मनात चलबिचल होणारच. तुम्ही पावसाचे पाणी साठवता, वापरलेले शुद्ध करून पुन्हा फिरवता, असे कंपनी सांगते. मग ते अहवालाच्या आतल्या पानात का ठेवायचे? आज किती पाणी फिरते आहे, त्यात नवे किती, ते कुठून आले, हे प्रवेशद्वारावर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत रोज लिहा. आईबाप ते वाचतील आणि मुलांना समजावून सांगतील.

माझी पहिली मागणी मात्र रांगेचीच आहे. एप्रिल-मे आणि दसऱ्याच्या सुट्टीत फास्टट्रॅक बंद ठेवा. गर्दी आवरायची असेल तर त्या दिवशीची तिकिटे मोजकी विका आणि आधी सांगा. आत आलेले सारे एकाच रांगेत उभे राहतील. शाळा सुरू असताना आठवड्याच्या मधल्या वारी उद्यान एरवीही भरत नाही. त्यातला महिन्याचा एक वार रामनगर, मंड्या, कोलार, तुमकुरूच्या सरकारी शाळांना नाममात्र दराने द्या, शिक्षकांसह आणि जेवणासह. सवलती तुम्ही आजही देता, ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना. पण ओळखपत्र घेऊन ऑनलाइन तिकीट काढणारे मूल आणि ज्याच्या गावात वंडरला फक्त बसच्या पाठीवर रंगवलेले दिसते ते मूल, यांत अंतर आहे.

आणि पुढच्या वार्षिक सभेत डोईमागची मिळकत सांगाल, तेव्हा तिच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवा : यंदा आयुष्यात पहिल्यांदाच वंडरलात आलेली माणसे किती. तो आकडा बेंगळुरूचा वेगळा सांगा. त्यावरून ओढ वाढते आहे की ओसरते आहे ते तुम्हालाही कळेल आणि आम्हालाही. उत्तर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत दिलेत तरी ते मराठी घरांत पोहोचवायची जबाबदारी आमची.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बेंगळुरूतली एक मराठी रहिवासी