परक्या शहरातील सामायिक घर

व्यापारी घराण्यात मुलगा अथवा मुलगी परगावी निघाली की पहिली चौकशी राहण्याची होते आणि दुसरी भोजनाची. शिक्षणासाठी जाणाऱ्यांना बोर्डिंग असते, नोकरीसाठी जाणाऱ्यांना नातलगांचा आधार असतो, गावोगावी संघाच्या भोजनशाळा असतात. परंतु घरातील एखादा तरुण ‘वर्षभर सेवाकार्य करीन आणि इतर स्वयंसेवकांबरोबर एकाच घरात राहीन’ असे म्हणू लागला की वडीलधारी मंडळी विचारात पडतात. सेवेला त्यांचा विरोध नसतो. मनात शंका असते ती अनोळखी सोबत्यांची आणि हिशेबाची. त्या घराचा खर्च कोण करणार, नियम कोण ठरविणार, आणि ज्यांची सेवा करायची ते शेजारी या पाहुण्यांना आपले मानतील काय?

या प्रश्नांना सामोरे गेलेले एक घर अमेरिकेतील शिकागो शहरात हॉल्स्टेड रस्त्यावर होते. त्याचे नाव हल हाऊस. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करण्यासाठी याच शहरात गेले, तेव्हा हे घर सुरू होऊन चार वर्षे झाली होती. परिषदेतील शिकागो आपल्या समाजाला परिचित आहे. कारखान्यांच्या धुरात राहणाऱ्या शिकागोची ओळख या घराच्या निमित्ताने होते.

घराच्या संस्थापिका जेन अॅडम्स यांचा जन्म १८६० मध्ये इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या गावी झाला. वडील गिरणीमालक, एका बँकेचे अध्यक्ष आणि राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. १८८१ मध्ये ते वारले आणि मुलीकडे चांगली वारसासंपत्ती आली. तिने वैद्यकीय शिक्षण सुरू केले, पण पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावे लागले. पुढची काही वर्षे युरोपच्या प्रवासात गेली. द्रव्य होते, शिक्षण होते, पण करण्यासारखे काही हाती नव्हते.

१८८८ च्या एप्रिलमध्ये माद्रिद येथे तिने बैलांच्या झुंजीचा खेळ पाहिला. बरोबरची मंडळी ते दृश्य असह्य होऊन बाहेर निघून गेली. ती मात्र शेवटपर्यंत बसून राहिली. पाच बैल आणि त्याहून अधिक घोडे तिच्या डोळ्यांदेखत मारले गेले, आणि तिला त्याचे विशेष काही वाटले नाही. रात्री मात्र आपल्या या निर्विकारपणाची तिला भीती वाटली. ‘पुढे कधीतरी लोकांच्या उपयोगी पडू’ असे म्हणत आपण वर्षानुवर्षे स्वतःचीच समजूत घालीत आलो, आणि तेवढ्यात मन बोथट झाले, हे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्याच दिवशी तिने मैत्रीण एलन गेट्स स्टार हिला आपल्या मनातील योजना सांगितली. हिंसा न करणाऱ्यालाही हिंसेची सवय होऊ शकते, हे ज्याला उमगले त्याच्या जीवनाला वळण मिळते. जैन श्रावकाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर ती लंडनला गेली. तेथील पूर्व भागात, व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत, १८८४ पासून टॉयन्बी हॉल ही संस्था चालू होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये शिकलेले तरुण तेथे वस्तीतच राहत आणि वस्तीतील लोकांसाठी काम करीत. दान पाठवून देणे आणि स्वतः शेजारी जाऊन राहणे यांतील अंतर तिला तेथे स्पष्ट दिसले.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन अॅडम्स, एलन स्टार आणि घरकाम सांभाळणाऱ्या मेरी कायझर अशा तिघी हल हाऊसमध्ये राहावयास गेल्या. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने १८५६ मध्ये बांधलेले ते घर एके काळी शहराच्या कडेला होते. शहर वाढत गेले आणि घराभोवती इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, रशियन व पोलिश ज्यू अशा स्थलांतरितांची दाट वस्ती झाली. एका बाजूस अंत्यविधीच्या सामानाचे दुकान आणि दुसऱ्या बाजूस दारूचा गुत्ता असा शेजार होता. आरंभी घराचा काही भागच भाड्याने मिळाला. पुढच्या वसंत ऋतूत मालकीण हेलन कल्व्हर यांनी संपूर्ण घर विनाभाडे दिले.

गरीब वस्तीत राहायचे म्हणून घर मुद्दाम ओकेबोके ठेवले नव्हते. शहराच्या चांगल्या भागात सजविले असते तसेच ते सजविले. घरचे जुने लाकडी सामान आणले, युरोपातून आणलेली चित्रे भिंतीवर लावली. शेजाऱ्यांना कमी प्रतीचे द्यायचे नाही, हा त्यामागचा भाव होता. पहिल्या रात्री आवराआवरीच्या गडबडीत बाजूचा एक दरवाजा कुलूप लावण्याचा तर राहोच, नुसता लोटून घेण्याचाही राहून गेला. सकाळी पाहिले तर घरातील वस्तू जागच्या जागी होत्या. नव्या शेजाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची ओळख अशी पहिल्याच दिवशी झाली.

हळूहळू घरात इतर स्वयंसेवक आले. फ्लॉरेन्स केली, ज्युलिया लेथ्रोप, डॉ. अॅलिस हॅमिल्टन या पुढे नावारूपास आलेल्या स्त्रिया या घराच्या रहिवासी होत्या. पुरुष रहिवासीही होते. एवढ्या शिकलेल्या, स्वतंत्र मताच्या माणसांनी एकत्र राहायचे तर व्यवस्था चोख हवी. ती तशी होती. प्रत्येक रहिवाशाने आपल्या राहण्याजेवणाचा खर्च स्वतः उचलायचा आणि घराची समिती तो सहकारी तत्त्वावर चालवायची. नव्या माणसाला सहा आठवडे घरात ठेवून घेत. या काळात त्याला सर्व सवलती असत. रहिवाशांच्या सभेत मत मात्र नसे. सहा आठवड्यांनी तो उपयुक्त ठरला आणि किमान सहा महिने राहण्याची शक्यता असली, तरच त्याला पुढे राहण्याचे निमंत्रण मिळे. पेढीवर नवा माणूस घेताना अनुभवी शेठजी जी सावधगिरी बाळगतात तीच येथे होती. सेवाभाव आहे म्हणून हिशेब सैल सोडला नाही, आणि लोकांच्या देणगीवर रहिवाशांची पंगत उठली नाही.

शेजाऱ्यांना समजून घेण्यात चुकाही झाल्या. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ मिळत नाही, मुलांना निकस अन्न मिळते, हे पाहून घराने सार्वजनिक स्वयंपाकघर उघडले. एक रहिवासी बॉस्टनला जाऊन शास्त्रशुद्ध पाककला शिकून आली. स्वस्त आणि पौष्टिक अन्न तयार होऊ लागले, पण अपेक्षेइतके गिऱ्हाईक येईना. एका शेजारणीने स्पष्टच सांगितले की पौष्टिक काय ते तिला खायचे नाही, तिच्या मनाला येईल तेच ती खाईल. नाना देशांतून आलेल्या त्या कुटुंबांना आपापली चव होती, आपापली रीत होती, आणि ती हिशेबात धरलीच गेली नव्हती. कंदमुळे वर्ज्य असलेल्या, सूर्यास्तापूर्वी ताट वाढणाऱ्या घरांना हा मुद्दा लगेच पटेल. अन्नात माणसाचे सारे कूळ उतरलेले असते. त्याच जागेतील कॉफीगृह मात्र लोकांना आवडले, कारण तेथे बसून बोलता येत असे.

जे घर शेजाऱ्यांचे ऐकू लागले त्याला शेजाऱ्यांचे दुःखही दिसू लागले. पहिल्याच नाताळात मुलींना मिठाई वाटली तेव्हा काहींनी ती घेतली नाही. विचारल्यावर कळले की त्या मिठाईच्या कारखान्यात काम करीत. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबल्यामुळे मिठाई त्यांना डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. वाटलेल्या मिठाईने ज्याचे समाधान होणार नाही असे काहीतरी या वस्तीत आहे, हे रहिवाशांना त्या दिवशी समजले. फ्लॉरेन्स केली यांनी घरोघरी चालणाऱ्या शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांची पाहणी केली. १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात कायदा झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामावर ठेवण्यास बंदी आली. केली याच राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या.

हा कायदा होण्यापूर्वी कारखानदारांच्या वतीने घराला ५०,००० डॉलर देऊ करण्यात आले होते. अट एवढीच की कायद्याचा आग्रह सोडावा. अॅडम्स यांनी ते नाकारले, आणि अशी बोलणी आपल्याशी करावीशी वाटली याचीच त्यांना लाज वाटली. दुसऱ्या एका प्रसंगी काम करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीसाठी २०,००० डॉलरची देणगी आली. देणारा गृहस्थ आपल्याकडील मुलींना अत्यल्प पगार देण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. तीही देणगी परत गेली. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला गुण न्यायसंपन्न वैभव हा आहे. दान किती दिले याच्याही आधी ते कसे मिळविले याचा विचार तेथे येतो. धर्म वेगळा, देश वेगळा, तरी खातेवहीच्या पहिल्या पानावरील ही कसोटी या घरानेही मानली.

ते वसतिगृह म्हणजे जेन क्लब. त्याची कल्पना मुलींकडूनच आली. बुटांच्या कारखान्यात संप झाला असता परगावच्या मुलींना खोलीच्या भाड्याची चिंता पडली, कारण भाडे थकले की घरमालकीण बाहेर काढील; आपले स्वतःचे घर असते तर एकमेकींना आधार झाला असता, असे त्या म्हणाल्या. १८९१ मध्ये हल हाऊसने जवळच दोन बिऱ्हाडे सामानासह सजवून दिली आणि पहिल्या महिन्याचे भाडे भरले. पुढचा सर्व कारभार मुलींनी पाहिला. आठवड्याला तीन डॉलर वर्गणीत जेवण, खोली आणि उबेची सोय होई. तीन वर्षांत त्या इमारतीतील सहाही बिऱ्हाडे त्यांच्याकडे आली आणि सभासद पन्नास झाले. आरंभीचे भांडवल द्यावे आणि नंतर हात काढून घ्यावा, ही मदतीची रीत व्यापाऱ्याच्या पटकन ध्यानात येणारी आहे.

वस्तीतील कचऱ्याचा प्रश्न सुटेना तेव्हा १८९५ मध्ये अॅडम्स स्वतः त्या प्रभागाच्या कचरा निरीक्षक झाल्या. पहाटे सहाला उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागे जात. एका अरुंद गल्लीत कचऱ्याचे थर काढले तेव्हा अठरा इंच खाली फरसबंदी सापडली. तेथे रस्ता होता हे लोक विसरूनच गेले होते. १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले.

घराची पुढील कथाही जाणून घेण्यासारखी आहे. १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी बहुतेक इमारती पाडल्या गेल्या; मूळ घर आज संग्रहालय आहे. सेवाकार्य चालविणारी संस्था अन्यत्र चालू राहिली, पण ती बव्हंशी सरकारी अनुदानावर अवलंबून झाली होती. अनुदान आटले, खर्च तसाच राहिला, आणि जानेवारी २०१२ मध्ये संस्था बंद पडली. ज्या घरात रहिवासी आपल्या जेवणाचे पैसे स्वतः देत, त्याचा वारसा उत्पन्नाच्या एकाच वाटेवर विसंबल्याने संपला. संघाच्या विश्वस्तांनी हे प्रकरण डोळ्यांखालून घालावे.

सेवेसाठी परगावी निघालेल्या मुलाला अडवण्याचे कारण नाही. त्याच्या हाती शिदोरी द्यावी आणि चार गोष्टी विचारून घ्याव्यात. त्या घराचा रोजमेळ कोण लिहितो? रहिवासी आपला खर्च स्वतः उचलतात काय? नव्या माणसाची पारख होते काय? आणि ज्यांच्यासाठी हे घर आहे त्यांना काय हवे, हे त्यांना कोणी विचारले आहे काय? या चारांची उत्तरे नीट मिळाली तर अनोळखी शहर फार दिवस अनोळखी राहत नाही.