लाइट नंतर घ्या, आधी पेट्या करा

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी असा असतोच. एफवायला लॅपटॉपवर गाणी मिक्स करायचा, एसवायला कुणाच्या तरी हळदीत वाजवून आला, आणि आता टीवायला त्याच्याकडे दोन टॉप, एक बेस, बारा पार आणि दोन शार्पी आहेत. इन्स्टावर नावाआधी ‘डीजे’ लागलंय. कदाचित तो तुम्हीच असाल. नसाल तर गॅदरिंगच्या कमिटीत असाल. तरीही वाचा, कारण डीजेवाल्याला पैसे मोजणारे तुम्हीच असता.

तर म्हणणं सरळ आहे. येत्या सीझनसाठी जे पैसे बाजूला काढलेत, त्यातून आणखी दोन शार्पी घेऊ नका. आहेत त्या लाइटना आधी पेट्या करा.

बोअर वाटतंय ना? वाटणारच. शार्पीचा रील पडतो, पेटीचा कोण टाकणार? पण जरा हिशोब करू. लॉनवरचं संगीत आहे. दुपारच्या कार्यक्रमाची शेवटची पंगत उठायला पाच वाजतात, लॉन तुमच्या ताब्यात येतं सहाला, आणि सातपासून ‘भाऊ, झालं का?’ सुरू होतं. दुसऱ्या टोकाला, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद. (१२ पर्यंतची सवलत सरकार सणासुदीला, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं. आपल्या मित्राच्या बहिणीचं संगीत त्यात बसत नाही.) म्हणजे शेवट ठरलेला आहे. सेटअपला लागलेला प्रत्येक जादा मिनिट नाचण्यातून कापला जातो आणि त्या मिनिटांवरूनच पेमेंटच्या वेळी वाद होतो. दोन शार्पी कमी होत्या म्हणून पैसे कापल्याचं मी कधी ऐकलं नाही. उशिरा सुरू केलं म्हणून कापल्याचं मात्र दर सीझनला ऐकतो.

आता हा वेळ जातो कुठे ते बघा. बारा पार एका गोणीत, प्रत्येकाला बबल रॅप. एकेक बाहेर काढा, रॅप सोडा, क्लॅम्प शोधा, बारवर कसा, पॉवरची वायर, डीएमएक्सची वायर, मग मागचं बटण दाबत अॅड्रेस लावा. एका लाइटला पाच मिनिटं धरली तरी बारांचा एक तास झाला. लाइट लावायला इतका वेळ लागत नाही हो, शोधायला लागतो.

यावरचा उपाय जुना आहे. चार पार एका बारवर कायमचे कसून ठेवायचे. त्यांच्यातल्या वायरी जोडलेल्या, बारला टायने बांधलेल्या. अॅड्रेस घरीच लावलेले आणि प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने लिहिलेले. सात चॅनेलचा पार असेल तर १, ८, १५, २२ आणि पुढचा बार २९ पासून. पेटी अशी करायची की बार लाइटसकट आत बसेल. जागेवर गेल्यावर पेटी उघडा, बार उचला, स्टँडवर चढवा, दोन वायरी लावा. तीन बार, बारा लाइट, पंधरा-वीस मिनिटं. उरलेल्या वेळात निवांत साउंड चेक करा, किंवा चहा प्या.

शार्पीची गोष्ट वेगळी. (शार्पी हे मुळात एका इटालियन कंपनीच्या एका लाइटचं नाव. पण फोटोकॉपीचं जसं झेरॉक्स झालं, तसं आपल्याकडे बीम मारणारं प्रत्येक मूव्हिंग हेड शार्पीच.) हा लाइट बहुतेक जण ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी आणतात, त्याच खोक्यातून वर्षभर फिरवतात. पहिल्या पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडतो. थर्माकोलचा भुगा होतो आणि पंख्यातून थेट आत जातो. त्यात आतल्या बेल्टवर आणि मोटरवर रस्त्याचा प्रत्येक खड्डा आदळत असतो. बहुतेक हेडना पॅन आणि टिल्टचं लॉक दिलेलं असतं. ते लावून, हेड फोमच्या खाचेत बसवून न्यायचं, आणि करंट द्यायच्या आधी लॉक आठवणीने सोडायचं. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘लॉक सोड’ असं लिहून ठेवा. रात्री एकला सामान भरणारा पोरगा झोपेत असतो, त्याला मॅन्युअल वाचायला सांगून उपयोग नाही.

मिरवणुकीवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ही बऱ्याच जणांना माहीत नसते. दिवसाउजेडी उघड्या टेम्पोवर लाइट नुसताच बांधून नेऊ नका. भिंगाने कागद जाळायचा खेळ लहानपणी केलाच असेल. शार्पीच्या पुढच्या लेन्समधून ऊन आत शिरलं की तेच होतं. लाइट बंद असतो आणि आतल्या रंगाच्या काचा किंवा प्लास्टिक भाजून निघतं. पेटी नसेल तर निदान जाड कापडाची खोळ तरी घाला.

पेटी म्हणजे काय, तर ९ मिलिमीटरचा प्लायवूड, कडांना अॅल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांवर लोखंडी गोळे, खटकेवाले लॉक, आत फोम, खाली चाकं. फ्लाइट केस हे नाव विमानावरून आलं. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या संघटनेचं स्पेसिफिकेशन ३०० नावाचं एक मानक आहे. त्यातल्या सगळ्यात वरच्या वर्गातली पेटी किमान १०० फेऱ्या टिकली पाहिजे, अशी अट. आपल्याकडे एका लग्नसराईत किती फेऱ्या होतात ते तुम्हीच मोजा. ही पेटी परदेशातून मागवायची गरज नाही. पट्ट्या, लॉक, कोपरे सुटे मिळतात आणि बऱ्याच शहरांत या पेट्या बनवणारे आहेत. नाहीच मिळाला कुणी, तर हाताने नीट काम करणारा सुतारही चालतो.

इथे मात्र माझं अनेकांशी पटत नाही. पोरं यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघतात आणि तशाच भल्यामोठ्या पेट्या करून घेतात. तिथे ट्रकला रॅम्प असतो, मालासाठी वेगळी लिफ्ट असते. आपल्याकडे छोटा हत्ती असतो आणि पहिल्या मजल्यावरचा हॉल असतो, ज्याच्या जिन्यात वरमाईची मैत्रीण फोटो काढत उभी असते. एक शार्पी सोळा ते वीस किलोची. दोन एका पेटीत घातल्या तर पेटीसकट सत्तरच्या आसपास जातं. सपाट लॉनवर ती एकटा ढकलतो, पण जिन्यात चौघे लागतात आणि त्यातल्या एकाची कंबर जाते. ती कंबर बहुतेकदा रोजावर आलेल्या पोराची असते, ज्याला दुसऱ्या दिवशी घरी बसलं तर रोज मिळत नाही. म्हणून माझं मत असं: तुमची कामं जिथे जास्त होतात ती ठिकाणं आठवा आणि मग पेटी ठरवा. जिने जास्त असतील तर एका पेटीत एकच शार्पी आणि पारच्या बारला चेन लावलेली जाड पॅडची बॅग. बॅग ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

पेटीचं माप गाडीवरून निघतं, लाइटवरून नाही. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट बाय पाच फूट. चार फूट बाय दोन फुटांच्या पेट्या आडव्या ठेवल्या तर तीन ओळी बसतात, वर दुसरा थर. कडेला जी फूटभर फट राहते, तिथे स्टँड आणि ट्रसचे पाइप उभे. हेच साडेचार फुटाची पेटी केली तर ती फट जाते आणि पाइप पेट्यांवर आडवे टाकावे लागतात. ते हडपसरहून सासवडला पोचेपर्यंत काय काय करतात, हे दिवे घाट चढलेल्यांना विचारा. चाकं किमान चार इंची घ्या. दोन इंची चाकं दुकानाच्या फरशीवर छान पळतात आणि मांडवातल्या जाजमात रुततात.

वायरींबद्दल एकच सांगतो. कोपरावर गुंडाळून गोणीत कोंबायच्या नाहीत. लांबीप्रमाणे रंगीत टेप: पाच मीटरला लाल, दहाला पिवळी, वीसला निळी. प्रत्येकीला स्वतःचा वेल्क्रोचा पट्टा, आणि सगळ्यांसाठी एक खणांची पेटी. माइकच्या वायरी त्यात मिसळू द्यायच्या नाहीत. टोकं सारखी दिसतात, पण डीएमएक्सची वायर वेगळी असते, आणि लांब ओढलेल्या माइकच्या वायरीवर लाइट फिट आल्यासारखे लुकलुकू लागतात.

खरं सांगायचं तर सेटअप वेगात होतो तो आदल्या रात्रीच्या आवरण्यामुळे. शेवटचं गाणं संपलं की आधी शार्पीचा दिवा बंद करा, पण करंट लगेच काढू नका. दहा-पंधरा मिनिटं पंखा फिरू दे. तोवर वायरी गुंडाळून होतात. गरम लाइट पेटीत कोंबला तर फोम मऊ होतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. ओला लाइट तर अजिबात बंद करायचा नाही. गणपती ऐन पावसात येतात. कोकणात वाजवणाऱ्यांनी घरी आल्यावर पेट्या उघड्या ठेवून लाइट सुकवायचेच, आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहायच्या.

आणि कमिटीवाल्यांनो, कोटेशन घेताना ‘शार्पी किती देणार?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला विचारा, ‘सेटअपला किती वेळ लागेल आणि माणसं किती येणार?’ उत्तर आलं की ‘बघू, होऊन जाईल’, तर त्याचे लाइट कितीही असोत, तुमची पहिली दोन गाणी गेली म्हणून समजा.

पेटी करायला जाताना लाइट बरोबर न्या. फोनवर माप सांगू नका. क्लॅम्प आणि सेफ्टी केबल लावलेली असतानाच माप घ्यायला लावा, वर फोमसाठी चारी बाजूंनी दोन-दोन इंच. क्लॅम्प काढून माप घेतलं तर तो दर कामाला काढावा लागेल आणि त्याचा नटबोल्ट कुठल्या तरी लॉनच्या गवतात राहील.