फुलें कोणाचीं, नांव कोणाचें?

लेस म्हणजे पोलक्याच्या बाहीला लावावयाची विकतची पट्टी, एवढीच पुष्कळ घरांतून समजूत असते. परंतु सुतांतून फुलें उठविण्याची ही हस्तकला किती कष्टाची आहे, हें इंग्लंडांतील डेव्हन परगण्याच्या हॉनिटन लेसवरून कळून येतें.

घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीप्रमाणें भोंकें पाडलेला जाड कागद बसवितात. भोंकांत टांचण्या रोंवून, बारीक लाकडी कांड्यांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून ओलांडीत व पीळ देत त्यांच्याभोंवतीं फिरवितात. टांचण्या काढल्या कीं एखादा गुलाब अगर एखादें पान तयार! अशीं निरनिराळीं फुलें करून मग तीं जोडावयाचीं.

पूर्वीं फुलांमागची जाळीहि हातानेंच विणीत. जॉन हीथकोट यानें जाळी विणणारें यंत्र काढून १८०९ सालीं त्याचें पेटंट घेतलें. १८१६ सालीं लाउबरो येथील त्याचीं यंत्रें फोडण्यांत आलीं, तेव्हां त्यानें आपला धंदा हलविला तो डेव्हनमधील टिव्हर्टन गांवींच. जाळी यंत्राकडे गेली. बायकांच्या हातीं फुलें तेवढीं उरलीं.

१८४० सालीं व्हिक्टोरिया राणीनें विवाहप्रसंगीं हीच लेस परिधान केली, आणि तिची कीर्ति सर्वत्र झाली. त्या कामीं दोनशेंहून अधिक स्त्रिया कित्येक महिने खपल्या होत्या. काम झालें तें मुख्यत्वें बीर नांवाच्या समुद्रकांठच्या खेड्यांत. नांव झालें तें हॉनिटन या पेठेच्या गांवाचें, कारण माल तेथून लंडनला जाई. कित्येक व्यापारी तर मजुरीहि रोख न देतां दुकानांतील जिनसांच्या रूपानें देत.

हें वाचून व्यापाऱ्यांस दोष देण्यास आम्ही सिद्ध झालों, तोंच आमची दृष्टि दारावरील क्रोशाच्या तोरणाकडे गेली. आल्या-गेल्यांनीं तोरणाची वाखाणणी केली म्हणजे "घरींच केलें आहे" असें आम्ही वर्षानुवर्षें अभिमानानें सांगत आलों. तें वहिनींनीं दुपारची झोंप मोडून केलें, हें सांगावयाचें मात्र प्रत्येक वेळीं राहून गेलें. म्हणजे आमच्या घरांतहि एक बीर होतें, आणि हॉनिटन आम्हीच होतों!

वहिनी आज नाहींत. तोरण मात्र जसेंच्या तसें आहे. वाचकहो, आपल्या घरीं असें कांहीं असेल, तर पाहुण्यांस वस्तु दाखवितांना करणारीचें नांव आधीं सांगावें. आणि तें तिच्या समक्ष सांगावें.