विश्लेषण : माइनक्राफ्टमधील अवाढव्य इमारती उभ्या कशा राहतात? ठोकळ्यांपेक्षा हिशेब महत्त्वाचा का?

मोबाइलवर तासन्‌तास ठोकळे रचणारे मूल दिसले की घरातील मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मात्र याच ठोकळ्यांतून काही जणांनी अख्खा देश उभारला, काहींनी ग्रंथालय बांधले, तर काही शहरांत नागरिकांनी आपल्या वस्तीतील मोकळ्या जागेचा आराखडा केला. हे नुसते खेळणे आहे की नियोजनाची शाळा? आणि या शाळेत कोणता धडा शिकवलाच जात नाही?

खेळ नेमका काय आहे?

माइनक्राफ्ट हा खेळ २००९ मध्ये स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी लोकांसमोर आणला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजांग ही त्याची कंपनी २५० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. खेळातील जग घनाकृती ठोकळ्यांचे आहे आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. माती, दगड, लाकूड, काच, सारे याच मापात. खेळण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ‘सर्व्हायव्हल’मध्ये प्रत्येक ठोकळा स्वतः खणून, तोडून, भाजून मिळवावा लागतो. ‘क्रिएटिव्ह’मध्ये साहित्य अमर्याद असते आणि खेळाडू उडूही शकतो.

‘मोठे’ म्हणजे किती मोठे?

जगाच्या मध्यापासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ठोकळ्यांपर्यंत जाता येते. उंचीला मात्र मर्यादा आहे. २०२१ च्या अखेरच्या बदलानंतर तळापासून वरच्या टोकापर्यंत ३८४ ठोकळे मिळतात. त्यातील समुद्रसपाटीच्या वरचा भाग साधारण २५७ मीटरचा. म्हणजे ७३ मीटरचा कुतुबमिनार खऱ्या मापात सहज बसतो, पण ८२८ मीटरची बुर्ज खलिफा बसत नाही. कळसूबाईचे शिखर तर दूरच राहिले. त्यामुळे मोठे काम हाती घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावे लागते की माप खरे ठेवायचे की निम्मे करायचे. निम्मे केले तर दोन मीटरचा दरवाजा एका ठोकळ्याचा होतो आणि खेळातील माणूस त्यातून आत जाऊ शकत नाही. तेव्हा प्रमाण ठरवणे हा नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पुढचे सारे बांधकाम या एका आकड्यावर उभे राहते.

पहिला ठोकळा ठेवण्याआधी काय ठरवावे लागते?

नवखा खेळाडू भिंतीपासून सुरुवात करतो. अनुभवी खेळाडू चौकटीचा कागद घेऊन बसतो. रुंदी सम ठेवायची की विषम, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. इमारत ५० ठोकळे रुंद असेल तर तिला मधला असा एक ठोकळाच नसतो. समोर बरोबर मधोमध एका ठोकळ्याचे दार हवे असेल तर रुंदी ५१ घ्यावी लागते, नाहीतर दार दोन ठोकळ्यांचे करावे लागते. ही गोष्ट छतापर्यंत पोहोचल्यावर लक्षात आली तर अर्धी इमारत पाडावी लागते.

त्यानंतर जमिनीवर आखणी होते. वेगळ्या रंगाच्या ठोकळ्यांनी पायाची रेषा, खांबांच्या जागा, जिन्याची जागा दाखवली जाते. मग एकच नमुना मजला बांधून तो लांबून पाहिला जातो. सपाट भिंत लांबून पत्र्यासारखी दिसते, म्हणून खांब एक ठोकळा पुढे, खिडक्या एक ठोकळा मागे घेतल्या जातात. हे सारे जमले की उरलेले मजले म्हणजे त्याच नमुन्याची पुनरावृत्ती. इथे खरी मेहनत पहिल्या दहा टक्के कामात असते.

साहित्याचा हिशेब कुठे चुकतो?

एक साधा मनोरा घ्या. ५० बाय ५० चा पाया, १०० ठोकळे उंची, भिंत एका ठोकळ्याची. एका थराच्या चार बाजूंना १९६ ठोकळे लागतात (कोपरे दोनदा मोजायचे नाहीत). १०० थरांचे झाले १९,६००. बहुतेक जण इथेच थांबतात. पण आत दहा मजले हवे असतील तर प्रत्येक मजल्याच्या फरशीला ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०४ ठोकळे लागतात. दहा फरश्यांचे झाले २३,०४०. बाहेरून दिसणाऱ्या भिंतींपेक्षा न दिसणाऱ्या फरश्यांनाच जास्त माल लागला! एकूण ४२,६४० ठोकळे. खेळात एका खणात ६४ ठोकळे मावतात आणि मोठ्या पेटीत असे ५४ खण असतात. म्हणजे या एका मनोऱ्यासाठी १३ मोठ्या पेट्या भरून माल हवा.

आता वेळेचा हिशेब. काच हवी असेल तर वाळू भट्टीत भाजावी लागते आणि एका ठोकळ्याला १० सेकंद लागतात. दहा हजार काचांसाठी एका भट्टीला जवळपास २८ तास, दहा भट्ट्यांना पावणेतीन तास. एका कोळशात आठ ठोकळे भाजले जातात, म्हणजे १,२५० कोळसे आधी जमवायला हवेत. मनोऱ्याखाली १०० बाय १०० चा, ६० ठोकळे खोल खड्डा हवा असेल तर सहा लाख ठोकळे खणावे लागतात. सेकंदाला एक ठोकळा या वेगानेही ते १६६ तासांहून अधिक काळाचे काम आहे, रोज आठ तास खणले तरी तीन आठवड्यांचे.

‘मोठे करू’ असे म्हणणाऱ्याला सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की काम दुप्पट होत नाही. भिंतींचे साहित्य जवळपास चौपट होते आणि खणायचा खड्डा आठपट. क्षेत्रफळ आणि घनफळ यांतला हा फरक शाळेच्या पुस्तकात दोन सूत्रांत संपतो, पण सहा लाख ठोकळे खणणाऱ्याच्या तो कायमचा लक्षात राहतो.

चौकोनी ठोकळ्यांतून घुमट कसा होतो?

वर्तुळे एकावर एक रचून. मात्र प्रत्येक थराचे वर्तुळ किती मोठे, हे पायथागोरसच्या प्रमेयावरून काढावे लागते. घुमटाची त्रिज्या २५ ठोकळे असेल तर सातव्या थराला वर्तुळाची त्रिज्या २४ असते, पंधराव्या थराला २०, विसाव्याला १५ आणि चोविसाव्याला ७. म्हणजे पहिल्या सात थरांत घुमट जेमतेम एक ठोकळा आत येतो आणि शेवटच्या एका थरात सात ठोकळ्यांवरून थेट शून्यावर येतो. हा हिशेब न करता प्रत्येक थराला एकेक ठोकळा आत घेत गेले तर घुमट होत नाही, पिरॅमिड होतो. विजापूरच्या गोलघुमटाचा घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे. खेळाच्या भाषेत ४४ ठोकळे. एवढ्या आकारात पायऱ्यांसारखे दिसणारे कंगोरे लांबून बरेचसे विरघळतात आणि गोलाई डोळ्याला पटते.

अनेक जण मिळून बांधतात तेव्हा?

तिथे हिशेबाइतकाच शिस्तीचा प्रश्न येतो. मार्च २०२० मध्ये, जग घरात बंद होत असताना, पिपेनएफटीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यूट्यूबरने अख्खी पृथ्वी एकास एक मापात बांधण्याची हाक दिली. ‘बिल्ड द अर्थ’ या उपक्रमात उंचीची मर्यादा ओलांडण्यासाठी खेळात वेगळी जोडणी वापरण्यात आली. जमिनीचे चढउतार आणि रस्ते खुल्या नकाशांच्या माहितीवरून आपोआप उमटवले गेले. इमारती मात्र माणसांनीच बांधायच्या होत्या. त्यासाठी देशवार गट झाले.

त्याच महिन्यात ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने खेळात ‘अनसेन्सर्ड लायब्ररी’ उघडली. ज्या देशांत पत्रकारांचे लेख दडपले गेले, ते लेख खेळातील पुस्तकांच्या रूपात तिथे वाचता येतात. ‘ब्लॉकवर्क्स’ या चमूने सुमारे सव्वा कोटी ठोकळ्यांतून ही इमारत उभारली.

डेन्मार्कचा अनुभव वेगळा धडा देतो. २०१४ मध्ये तिथल्या सरकारी भूमापन संस्थेने संपूर्ण देश खऱ्या मापात खेळात उतरवला आणि तो सर्वांना खुला केला. स्फोटके वापरण्यावर बंदी घातली होती, पण स्फोटके भरलेल्या खाणगाडीवर बंदी घालायचे राहून गेले. काही खेळाडूंनी ती फट शोधली, काही भाग उडवून दिला आणि तिथे अमेरिकेचे झेंडे रोवले. बांधकामाच्या आराखड्यात ‘बांधून झाल्यावर सांभाळणार कोण’ हा रकाना नसला की काय होते, याचे हे ठोकळ्यांतले उदाहरण. आपल्याकडच्या कुठल्याही सार्वजनिक उद्यानाला ते लागू पडावे.

खेळ काय शिकवत नाही?

इमारतीचे वजन. या जगात वाळू आणि खडीसारखे मोजके ठोकळे खाली पडतात. बाकी सारे हवेत तरंगतात. झाडाचा बुंधा खालून तोडला तरी वरचे खोड जागेवरच राहते. मनोऱ्याचे तळमजल्यावरचे सगळे खांब काढले तरी वरचे दहा मजले शांतपणे उभे. गोलघुमटाच्या कारागिरांना मात्र त्या प्रचंड घुमटाचा भार भिंतींपर्यंत कसा न्यायचा, याचे उत्तर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींतून शोधावे लागले होते. खेळात त्या कमानी निव्वळ शोभेच्या. या बाबतीत दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे मूल पुढे आहे. उतार जास्त उभा केला की बुरूज ढासळतो, हे त्याला पहिल्याच संध्याकाळी कळते.

वजनाबरोबर आणखी काही गोष्टी खेळातून गायब आहेत. तिथे जमिनीला मालक नाही, बांधकामाला परवानगी लागत नाही, मजुराला मजुरी द्यावी लागत नाही आणि कुणाचे घर पाडावे लागले तर त्याचे पुनर्वसन करावे लागत नाही. म्हणूनच हा खेळ नियोजनाचा चांगला शिक्षक आहे आणि बांधकामाचा वाईट. ही मर्यादा विसरून ‘मुलगा माइनक्राफ्ट खेळतो, तो आर्किटेक्ट होणार’ असे म्हणणे जितके भाबडे, तितकेच ‘नुसता वेळ वाया’ म्हणणे एकांगी.

शहरांना याचा उपयोग काय?

इथे मुद्दा खेळापुरता राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ने २०१२ पासून मोजांगच्या साथीने ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम चालवला. वस्तीतील मोकळ्या जागेची ठोकळ्यांतील प्रतिकृती करायची आणि तिथे राहणाऱ्यांनाच ती बदलायला सांगायचे, अशी त्याची पद्धत. नेपाळमधील कीर्तिपूर, केनियातील नैरोबी अशा ठिकाणी तो झाला आणि मुंबईतही त्याच्या कार्यशाळा झाल्या. आराखडा वाचता न येणारा माणूसही ‘इथे दिवा हवा, इथून बायका रात्री जातात’ हे ठोकळा ठेवून दाखवू शकतो, ही त्यातली खरी कमाई.

महाराष्ट्रात विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. कायद्याने दिलेला हा मोठा अधिकार आहे. पण रंगीत पट्टे आणि आरक्षणांचे क्रमांक असलेला तो नकाशा किती जणांना वाचता येतो? मुंबईचा फेब्रुवारी २०१५ मधील आराखडा चुकांमुळे इतका वादात सापडला की दोन महिन्यांत राज्य सरकारला तो नव्याने करण्याचे आदेश द्यावे लागले. तिथे नागरिकांनी चुका पकडल्या, कारण नकाशा वाचू शकणाऱ्या संस्था आणि जाणकार त्यांच्यासोबत होते. लहान नगरपालिकेच्या गावात असे पाठबळ कुठून येणार?

अशा गावात आराखड्यातला एखादा चौक, मंडई किंवा नाल्याकाठची जागा ठोकळ्यांत उभी करून दाखवायला मोठे अंदाजपत्रक लागत नाही. एक संगणक, जागेची मापे आणि गावातलीच चार मुले पुरेशी आहेत. रस्ता १८ मीटरचा होणार म्हणजे नेमक्या कुणाच्या ओट्यापर्यंत येणार, हे त्यात एका नजरेत कळते. अर्थात अधिकृत नकाशाची जागा ही प्रतिकृती घेऊ शकत नाही, आणि ठोकळे मांडून घेतल्यावर निर्णय आधीच ठरलेला असेल तर सारा प्रकार देखावाच ठरेल. लोकांनी काय बदल सुचवले आणि त्यातले किती स्वीकारले, याची नोंद जाहीर व्हायला हवी.

पालकांनी काय पाहावे?

मूल किती वेळ खेळले याबरोबरच ते काय ठरवून खेळले, हेही विचारायला हवे. त्याच्याकडे चौकटीच्या कागदावरचा आराखडा आहे का? किती ठोकळे लागतील हे त्याने आधी मोजले होते का, आणि अंदाज किती चुकला? काम मित्रांत वाटले असेल तर कुणी काय करायचे हे कुणी ठरवले? या प्रश्नांना उत्तरे असतील तर पडद्यावर भूमितीचा तास चालू आहे असे समजायला हरकत नाही, मग ठरलेल्या वेळेला तो बंद करायला लावणेही सोपे जाते. उत्तरे नसतील तर रागावण्याआधी एक चौकटीची वही आणि पट्टी हातात द्यावी.