गिऱ्हाईक नावाला बांधलेले नसते

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या गल्ल्याशेजारी आता लॅपटॉप दिसू लागला आहे. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, परगावच्या व्यापाऱ्याला पाठवायचे नमुने, सारे त्याच्यावरच होते. हा लॅपटॉप घ्यायला गेलेले बहुतेक लोक आधी भाव विचारतात. पण काही गिऱ्हाइके दुकानात शिरताच कंपनीचे नाव घेतात. शेजारी दुसऱ्या कंपनीचा माल चार पैशांनी स्वस्त असला तरी ती तिकडे बघतही नाहीत. जुना लॅपटॉप मोडीत निघाला की पुन्हा त्याच नावाचा घेतात.

या इमानाला काय कारण असावे? हा प्रश्न केवळ संगणक विकणाऱ्यांचा नाही. कापड, चपला, कुलपे, फर्निचर, अत्तर, काहीही विकणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही एकच उदाहरण घेतो. ते आहे थिंकपॅड या लॅपटॉपचे.

तीस वर्षांहून जुना काळा डबा

अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने ऑक्टोबर १९९२ मध्ये थिंकपॅड ७००सी बाजारात आणला. किंमत होती ४,३५० डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. रिचर्ड सॅपर या जर्मन कारागिराने त्याचे रूप ठरवले. जपानी लोक जेवण नेतात तो साधा काळा डबा त्याच्या डोळ्यांसमोर होता. बाहेरून कसलीही नक्षी नाही, आणि उघडल्यावर कीबोर्डच्या मधोमध एक लाल टिकली. त्या टिकलीवर बोट ठेवून पडद्यावरचा बाण हलवता येतो, हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. आतली रचना जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेत झाली.

काळा रंग, लाल टिकली आणि दणकट कीबोर्ड ही ओळख पुढेही कायम राहिली. आमच्या मते या इमानाचे पहिले कारण हेच आहे. माणसाच्या हाताला सवय लागते. शिंप्याला आपली कात्री आणि सुताराला आपला रंधा जसा अंधारातही सापडतो, तशी दिवसभर टंकन करणाऱ्याची बोटे आपल्या कीबोर्डला ओळखतात. नव्या यंत्रावर तीच कळ त्याच जागी सापडली की त्याचे काम पहिल्या दिवसापासून सुरू होते. सवय मोडली की आठवडाभर कामाचा खोळंबा होतो, आणि त्या खोळंब्याचे पैसे कोणी देत नाही.

सुटे भाग आणि उघडी पुस्तिका

दुसरे कारण दुरुस्तीचे आहे. कोणता स्क्रू कुठे आहे, कीबोर्ड कसा काढावा, कोणत्या भागाचा क्रमांक काय, हे सारे सांगणारी पुस्तिका कंपनीने कोणालाही फुकट वाचायला दिली. अनेक कंपन्या असली माहिती लपवून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाने त्यांच्याच दुकानी यावे. थिंकपॅडवाल्यांनी ती उघडी ठेवली. परिणाम असा झाला की गल्लीतला कारागीरही हे यंत्र खोलू लागला. मोठ्या कंपन्या वापरलेले लॅपटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा विकतात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये येतात. एकाचा पडदा आणि दुसऱ्याची बिजागरी जोडून तिसरा चालू होतो. ज्याने पहिला थिंकपॅड जुन्या बाजारात घेतला, तोच पुढे कमाई वाढल्यावर नवा घेतो. जुन्या मालाचा बाजार नव्या मालाचा खप मारतो, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मालक बदलला, तेव्हा काय झाले?

डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने आपला हा सारा धंदा चीनच्या लेनोव्हो कंपनीला विकण्याचे जाहीर केले आणि मे २००५ मध्ये व्यवहार पुरा झाला. आता माल हलका होणार, अशी जुन्या गिऱ्हाइकांत कुजबूज झाली. पण यामातोचे कारागीर नव्या मालकाबरोबर गेले आणि कामाची पद्धत टिकली. त्यामुळे पाटीवरचे नाव बदलले तरी बरीच गिऱ्हाइके टिकली. यावरून आम्ही असे म्हणतो की, इमान पाटीशी नसते. ते कारखान्यातल्या हाताशी असते.

उलट जेव्हा त्या कामातच बदल झाला, तेव्हा हीच गिऱ्हाइके खवळली. २०१२ मध्ये कीबोर्डच्या सात ओळींच्या सहा केल्या, तेव्हा तक्रारी झाल्या. २०१३ मध्ये लाल टिकलीसोबतची वेगळी बटणे काढून टाकली, तेव्हा तर ओरड झाली. कंपनीने ती ऐकली आणि २०१५ च्या मॉडेलांत बटणे परत आणली. २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त जुन्या सात ओळींच्या कीबोर्डचा खास लॅपटॉपही थोड्या संख्येने काढला. नवी मॉडेले जसजशी पातळ होत गेली तसतशी अनेकांत रॅम मदरबोर्डवरच डाखून टाकली गेली आणि दुरुस्ती अवघड झाली. त्यावरही बोलणी खावी लागली. २०२४ मध्ये टी-१४ च्या पाचव्या पिढीत रॅम आणि बॅटरी पुन्हा सहज बदलता येऊ लागली. दुरुस्तीची सोय तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्याला दहापैकी नऊ गुण दिले.

यातून व्यापाऱ्याने एक गोष्ट शिकावी. तक्रार करणारे गिऱ्हाईक शत्रू नव्हे. ज्याला आपली पर्वा नाही, तो न बोलता शेजारच्या दुकानात जातो. जो भांडतो, त्याला अजून आपल्याकडेच यायचे असते.

आंधळे इमान नको

मात्र गिऱ्हाईक म्हणून आपण सावध राहिले पाहिजे. एकाच कंपनीचा सारा माल सारखा नसतो. २०१४-१५ मध्ये याच लेनोव्होने आपल्या घरगुती वापराच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्रॅम आधीच भरून दिला होता. त्यामुळे गिऱ्हाइकाची खासगी माहिती धोक्यात आली आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगासमोर कंपनीला तडजोड करावी लागली. थिंकपॅडमध्ये तो प्रोग्रॅम नव्हता, पण नाव तर तेच होते. तसेच विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत. तेव्हा जुन्या बाजारात केवळ नाव पाहून थैली मोकळी करू नये. प्रोसेसर कोणता, बॅटरी किती तास चालते, बिजागरी घट्ट आहे की नाही, हे स्वतः पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये तर लाल टिकली नसलेले थिंकपॅडही जाहीर झाले. म्हणजे नावावर विसंबणाऱ्याची फसगत होऊ शकते.

आपल्या धंद्यासाठी

हे सारे आपल्याला नवे आहे असे नाही. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे दूरदूरचे वादक पिढ्यान्पिढ्या येतात. ते केवळ सतार विकत घ्यायला येत नाहीत. जवारी काढायला, भोपळा सांधायला, पडदे नीट करायला येतात. विकलेल्या वाद्याची जबाबदारी त्या घरांनी सोडली नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हीच पुण्याई आहे.

आमच्यापैकी काही व्यापारी मात्र पहिला माल उत्तम देतात, गिऱ्हाईक बांधले गेले असे दिसताच दुसऱ्या खेपेला सूत हलके करतात, तळव्याचे चामडे पातळ करतात आणि मग बाजारात मंदी आहे म्हणून हात चोळत बसतात. अशांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाचे इमान ही तुमच्याकडे ठेवलेली अमानत आहे. ते खर्च करून एका हंगामाचा नफा वाढेल, पण ते पुन्हा मिळवायला वर्षे लागतील.

म्हणून ज्याच्यामुळे आपला माल ओळखला जातो, ती गोष्ट सहसा बदलू नये. बदलायचीच असेल तर जुन्या गिऱ्हाइकांना आधी विचारावे. विकलेल्या मालाचे सुटे भाग दुकानात ठेवावेत. दुरुस्तीला आलेल्याला नवा माल घेण्याचा आग्रह करू नये. एवढे पाळणाऱ्याला जाहिरातीवर फार खर्च करावा लागणार नाही, आणि त्याच्या मुलाला धंद्यात बसवताना गिऱ्हाईक शोधण्याची पाळीही येणार नाही.