कोणत्याच रकान्यात न बसणारा गायक

1978 साली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणला, तेव्हा त्यातील अंकुश हा बदमाश नायक पाश्चात्य पॉपच्या ठेक्यावर मराठी गाऊ लागला. त्याच प्रयोगात लावणी होती, नाट्यसंगीतही होते. 1728 च्या लंडनमधील भिकाऱ्यांच्या संगीतिकेवरून ब्रेख्त आणि वाइल यांनी 1928 मध्ये बर्लिनला नाटक केले. त्याचाच हा मराठी अवतार. अंकुश साकारणारे नंदू भेंडे हे फार्ससाठी नावाजलेल्या आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव.

भेंडे यांनी त्याआधी मुंबईत ‘व्हेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा रॉक वाद्यवृंदांतून इंग्रजी गाणी गायिली होती आणि 1974 मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जूडास रंगविला होता. पुढे 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये त्यांनी कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारे गाणे म्हटले, दूरचित्रवाणी मालिकांना संगीत दिले. 2014 मध्ये ते निवर्तले. इतके करूनही त्यांच्या नावामागे कोणते बिरूद लावावे हे ठरत नाही. मराठी सुगम संगीताच्या इतिहासात त्यांना ओझरती जागा मिळते. रॉकच्या इतिहासाला त्यांचे मराठी परके वाटते.

यात दोष गायकाचा नव्हे, रकाने आखणाऱ्यांचा आहे. ज्या नाट्यसंगीताची शुद्धता आज आपण जपू पाहतो, ते तरी कोठे एकजात होते? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतला’त साकी-दिंडीशेजारी कर्नाटकी चाली आल्या, आणि 1911 च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्यांकडे धाव घेतली. त्या काळीही नाके मुरडली गेली असतीलच. ती नाके विस्मरणात गेली, पदे राहिली.

उमरेडला हा विषय मुंबई-पुण्याचा म्हणून दूर सारता येणार नाही. झाडीपट्टीच्या उंबरठ्यावरच्या या गावाला दंडार आणि खडी गंमत परकी नाही. प्रचलित चाली बिनदिक्कत उचलून आपल्या ढोलकीवर चढविणे हा त्या कलावंतांचा नित्याचा व्यवहार. कोळशाच्या खाणीमुळे येथे परप्रांतीय कुटुंबे आली, त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही आली. अशा गावातील एखाद्या विद्यार्थ्याने खंजिरी आणि गिटार एकत्र आणली, तर त्याने जावे कोठे? विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत भारतीय सुगम गायन वेगळे, पाश्चात्य गायन वेगळे, लोकवाद्यवृंद वेगळा. त्याचे गाणे पहिल्यात बिघडलेले ठरते, दुसऱ्यात गावंढळ आणि तिसऱ्यात भेसळीचे. मग तो चित्रपटगीताची हुबेहूब नक्कल करतो व बक्षीस घेऊन घरी जातो. ही नक्कल आपणच त्याला शिकवितो, आणि नव्या पिढीपाशी स्वतःचे काही नाही, अशी तक्रारही शिक्षकांच्या खोलीत आपणच करतो!

भेंडे यांना निदान मुंबईचे व्यासपीठ होते, घरात रंगभूमी होती आणि पु. लं.सारखा लेखक लाभला होता. उमरेडच्या मुलाला यातले काहीच नाही; त्याच्यापाशी शाळा-महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन तेवढे आहे. त्या संमेलनात कोणत्याही वर्गवारीशिवाय, स्वतः बांधलेल्या गाण्यासाठी अर्धा तास राखून ठेवण्यास कोणाची मंजुरी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. डिसेंबरातील संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका छापावयास जाण्यापूर्वी प्राचार्यांनी आणि मुख्याध्यापकांनी एवढे करावे.