गाडी रुसून बसली तर...



मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? आधी प्लग नीट बसलाय का ते बघतो. मग भिंतीवरचं बटण, मग मिक्सरच्या बुडाशी असलेलं ते छोटंसं लाल बटण. मोटार जळली, असं पहिल्याच मिनिटाला कुणी म्हणत नाही. पण त्याच आपण गाडीत बसलो आणि गाडी काही केल्या दाद देईना, की हातपाय गळतात. डॅशबोर्डवर नुसती दिवाळी, समोरचा स्क्रीन गोठलेला, बटण दाबलं तरी चिडीचूप! आणि मग शेजारीपाजारी कुणीतरी ठासून सांगतं, "कॉम्प्युटर गेला वाटतं."

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत अलीकडे लोणच्याच्या बुरशीइतकीच गाडीची तक्रार असते. "दरवाजे उघडत नाहीत", "गाडी आपोआप लॉक होते", "गॅरेजवाले भलताच खर्च सांगतात". तेव्हा आज स्वयंपाकघराला सुट्टी. मी काही इंजिनिअर नव्हे. बी. ए. झालेली, शाळेत रोज चार तास घेणारी आणि उरलेल्या वेळात घर सांभाळणारी बाई. पण वर्गात मुलांना मी जे सांगते तेच इथेही लागू पडतं: आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा.

आधी जिवाचं, मग गाडीचं

किल्ली आत आणि मूल आत, अशी वेळ आली तर गाडीचा विचारच करू नका. उन्हात उभ्या गाडीत उकाडा मिनिटामिनिटाला चढतो. काच बोटभर उघडी असली तरी त्यानं फारसा फरक पडत नाही. ११२ नंबर फिरवा, माणसं गोळा करा. मूल घामाघूम किंवा मलूल दिसलं तर थांबू नका. मुलापासून लांबच्या दाराची काच कोपऱ्यावर कठीण वस्तू मारून फोडा. पुढची मोठी काच फोडायच्या भानगडीत पडू नका, ती थराची असते, सहज निघत नाही. काच पुन्हा बसवता येते. आणि रिमोटची किल्ली तान्ह्याच्या हातात खुळखुळा म्हणून कधीही देऊ नये, हे ओघानं आलंच.

एका गाडीत अनेक मेंदू

आजच्या गाडीत एक कॉम्प्युटर नसतो, कितीतरी असतात. एक इंजिन सांभाळतो, एक ब्रेक, एक दरवाजे आणि काचा, एक एअरबॅग. हे सगळे एकमेकांशी पीळ घातलेल्या दोन तारांवरून बोलतात. ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढे मांडली आणि आता ती बहुतेक गाड्यांत आहे. एकत्र कुटुंबासारखंच म्हणा ना. एक बोलतो, बाकीचे ऐकतात आणि आपापल्या कामाचं तेवढं उचलतात.

आता घरातली गोष्ट आठवा. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की ट्यूब फडफडते, फ्रिज कुरकुरतो, पंखा रेंगाळतो. म्हणून तिन्ही वस्तू एकदम बिघडल्या असं आपण म्हणतो का? नाही. आपण म्हणतो, लाइट कमी आलेत. गाडीचंही अगदी तसंच आहे. चार-पाच दिवे एकदम पेटले, दरवाजे वेड्यासारखे उघडमीट करू लागले, काटे थरथरू लागले, तर सगळे मेंदू एका दिवशी आजारी पडलेले नसतात. बहुतेक वेळा त्यांना वीज पुरत नसते.

पहिली शंका बॅटरीवर

स्टार्टर मारला की टकटक-टकटक आवाज येतो, आतला दिवा मिणमिणतो, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. ही सगळी बॅटरी उतरल्याची लक्षणं. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये असं वाटत असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. स्टार्टर फिरत असताना आकडा १० च्या बराच खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे असं समजा. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. काही नव्या गाड्या हा आकडा मुद्दाम वरखाली करतात. पण तो १२ च्या आसपासच अडून राहिला तर चार्जिंग तपासून घ्यावं.

"पण ताई, गाडी तर नुसती उभी होती!" उभी गाडीसुद्धा थोडी थोडी वीज खाते. घड्याळ, चोरघंटा, रिमोटची वाट बघणारं यंत्र, हे सगळे जागेच असतात. समजा ही गळती ५० मिलिअँपिअर धरली. दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे पंधरवडाभर माहेरी राहून आलात, तर निम्मी बॅटरी फस्त! बॅटरी जुनी असेल तर तिला तेवढंही झेपत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी. जागच्या जागी पाच मिनिटं घरघर केल्यानं काही साधत नाही.

बॅटरी चांगली आणि तरीही गाडी गप्प? मग बॉनेट उघडून बॅटरीची दोन्ही टोकं बघा. पितळेच्या भांड्याला कळक चढतो, तशी तिथे पांढरट-हिरवट भुकटी जमते आणि वीज अडते. उपाय आपल्या फडताळातच आहे. गाडी बंद करून आधी काळी, म्हणजे उणे खुणेची तार काढायची, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासायचं. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं पुसून लावताना आधी लाल, शेवटी काळी. टोकं हातानं हलली नाही पाहिजेत. वरून व्हॅसलिनचा हात फिरवला की झालं. हातात रबरी मोजे आणि मनगटात बांगड्या नाहीत, एवढं मात्र पाळा.

किल्ली, ब्रेक आणि फ्यूज

रिमोट चालेना तर त्यातला बटणासारखा सेल संपलेला असू शकतो. पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. तुमचा कुठला ते पुस्तिकेत बघा. बटणावर चालू होणाऱ्या गाडीच्या रिमोटच्या पोटात बहुधा एक धातूची किल्लीही दडवलेली असते. तिनं दार उघडतं. आत बसून रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरला की पुष्कळ गाड्या त्याला ओळखतात, कारण त्यातल्या ओळख पटवणाऱ्या चिपला सेल लागत नाही. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र सारखं लुकलुकत असेल तर गाडी "तू कोण?" असं विचारते आहे. अशा वेळी दुसरी किल्ली लावून बघा. तिनं गाडी चालू झाली तर दोष गाडीत नाही, पहिल्या किल्लीत.

एक युक्ती तर प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. स्टार्टचं बटण दाद देत नाही किंवा ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी'मधून हलत नाही, तर कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागतात का? लागत नसतील तर ब्रेकच्या स्विचची किंवा त्याच्या फ्यूजची शंका घ्या. तुम्ही ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही, म्हणून ती हलू देत नाही. किल्लीच फिरत नसेल तर स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवत किल्ली फिरवा. ते साधं कुलूप आहे, कॉम्प्युटरचा त्यात काही संबंध नाही.

फ्यूजचे रंग ठरलेले असतात. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. उडालेल्या फ्यूजच्या पोटातली तार तुटलेली दिसते. जेवढ्याचा काढला तेवढ्याचाच बसवायचा. "मोठा टाका, उडणार नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. फ्यूज उडत नाही, मग वायर जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिथेच थांबा आणि वायरिंग बघायला सांगा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसऱ्याला येतात आणि वायरी कुरतडतात, हेही विसरू नका.

स्क्रीन गोठला तर

गाणी, नकाशा आणि मागचा कॅमेरा दाखवणारा स्क्रीन अडकला म्हणून सहसा इंजिन थांबत नाही. घाबरायचं नाही. चालत्या गाडीत त्याच्याशी झटापटही करायची नाही. कडेला उभं राहून फोनची वायर आणि पेनड्राइव्ह काढा. मग स्क्रीनचं बंद-चालूचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. पुष्कळ गाड्यांत तो नव्यानं सुरू होतो. तुमच्या गाडीची रीत पुस्तिकेत दिलेली असते. कॅमेरा नसेल तेव्हा मान वळवून मागे घ्यायची, जुन्या पद्धतीनं.

कधी कधी दोष आपल्या गाडीबाहेरचाही असतो बरं का. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात २०१४ ते २०१७ सालच्या माझदा गाड्यांचे रेडिओ एकाच स्टेशनवर अडकून बसले आणि स्क्रीन पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. स्टेशन आवाजाबरोबर चित्रं पाठवत होतं आणि त्या चित्रांच्या फाइलींच्या नावापुढचं शेपूट राहून गेलं होतं. यंत्राला चित्र ओळखताच येईना, ते गोंधळलं! म्हणून खर्च करण्याआधी त्याच गाडीच्या इतर मालकांना "तुमच्याकडेही असंच होतं का?" एवढं विचारावं.

गॅरेजवाल्याशी बोलताना

दुधाच्या हिशेबासारखी गाडीचीही एक वही ठेवा. केव्हा बंद पडली, थंड होती की तापलेली, पाऊस होता का, नुकती धुतली होती का, कुठले दिवे लागले. दिव्यांचा फोनवर फोटो काढून ठेवा. "अधूनमधून काहीतरी होतं" असं सांगितलं की मेकॅनिक अंदाजानं सामान बदलत सुटतो आणि पैसे आपले जातात.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचा सॉकेट असतो. तिथे स्कॅनर लावला की गाडी आपल्या तक्रारी आकड्यांत सांगते. 'पी'ने सुरू होणारे कोड इंजिन-गिअरचे, 'बी' दरवाजे-काचांकडचे, 'सी' ब्रेक-स्टिअरिंगकडचे आणि 'यू' म्हणजे मेंदूंचं आपसातलं बोलणं तुटलं. 'पी ०५६२' हा तर सरळ "वीज कमी पडते" असंच सांगतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. वर्गात जो मुलगा उठून तक्रार करतो तोच दोषी असतो असं थोडंच आहे? 'यू ०१००' म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा आवाज येत नाही. तो मेला असेल, किंवा त्याच्यापर्यंत वीज पोचत नसेल, किंवा मधली तार तुटली असेल.

आमच्या ओळखीच्या एका बाईंना असंच नवा कॉम्प्युटर बसवायला सांगितलं होतं. त्यांनी एक दिवसाची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला दाखवलं. इंजिनकडून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या अर्थच्या तारेचा बोल्ट गंजला होता. घासून घट्ट केला, गाडी चालू! म्हणून तीन प्रश्न पाठ करा. बॅटरी आणि अर्थ मीटर लावून तपासलं का? कोड पुसण्याआधी लिहून घेतले का? आणि कॉम्प्युटर बदला म्हणता, तर त्याच्यापर्यंत वीज पोचते हे मोजून बघितलं का? प्रश्न शांतपणे विचारा, उत्तर लिहून घ्या. "तुम्हाला नाही कळायचं, ताई" हे त्या वहीसमोर फारसं टिकत नाही.

हे मात्र करू नका

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका; व्होल्टेज उसळतं आणि चांगला कॉम्प्युटर खरोखरच जातो. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना लाल-काळ्याची अदलाबदल होऊ देऊ नका. काळ्या तारेचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावा, म्हणजे ठिणगी बॅटरीच्या वायूपासून दूर राहते. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. आणि धावती गाडी बंद पडली तर घाबरून किल्ली उपटू नका, स्टिअरिंगला कुलूप पडेल. चारी इंडिकेटर लावा. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील, पण काम करतील. ब्रेक सारखा सोडून दाबू नका. एकदाच, जोर लावून दाबा आणि कडेला घ्या.

आज दुपारी जेवणं झाली की दहा मिनिटं काढा. पुस्तिका घेऊन गाडीत बसा. लपवलेली किल्ली कशी निघते, तिनं कुठलं दार उघडतं, फ्यूजचा डबा कुठे आहे, हे स्वतःच्या हातानं करून बघा. कप्प्यात दोन-चार फ्यूज, एक विजेरी आणि वही ठेवा. रिमोटचा जादा सेल मात्र गाडीत नको, पर्समध्ये असू द्या. दारच उघडलं नाही, तर आतला सेल काय कामाचा?